जगाचा सिनेमा काल्हेरपर्यंत का पोचत नाही?

‘आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव’ हे शब्द कानावर पडले की पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यासमोर एक ठराविक चित्र उभे राहते. वातानुकूलित सभागृह, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले रसिक, इंग्रजीतून रंगणारी चर्चा आणि दाराशी अंथरलेला लाल गालिचा. भिवंडी तालुक्यातील काल्हेरच्या गोदामात पाठीवरून खोकी वाहणाऱ्या माणसाचा या सोहळ्याशी काही संबंध असेल, असे त्या कार्यकर्त्याला वाटत नाही. सोहळ्याच्या आयोजकांनाही तसे वाटत नाही. एरवी ज्यांचे कशावरच जमत नाही, त्या दोघांचे या एका मुद्द्यावर संपूर्ण एकमत आहे. हे एकमत चुकीचे आहे. काल्हेरसारख्या वस्तीत निदान वर्षातून एक दिवस जगातील उत्तम चित्रपट दाखवले जाणे ही श्रीमंती हौस नव्हे. असंघटित कामगारांत काम करू इच्छिणाऱ्या कोणत्याही समाजवादी शाखेचे ते नित्याचे काम असायला हवे.

मुळात हा संबंध चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. भारतातील हा पहिला चित्रपट-खेळ परदेशी चित्रपटांचाच होता. त्या कार्यक्रमात आगगाडीचे आगमन होते, समुद्रस्नान होते आणि कारखान्यातून सुटून बाहेर पडणारे कामगारही होते. कॅमेऱ्याने जगात जे पहिल्यांदा टिपले त्यात कामगार होता, आणि तो कामगार ज्या खेळात पडद्यावर आला त्या खेळाचे प्रवेशमूल्य एक रुपया होते. गिरणगावातल्या कामगाराला तो रुपया परवडणारा नव्हता. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले, तेथे चार आण्यांचा दरही ठेवला गेला, आणि सामान्य प्रेक्षक आत आला. पडद्यावर कामगार आणि दाराबाहेरही कामगार, हा विसंवाद तेव्हापासूनचा आहे. दर कमी केला, जागा बदलली की तो कमी होतो, हेही तेव्हापासूनच सिद्ध आहे.

आज काल्हेर काय आहे? ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जाताना लागणारे, खाडीकाठचे हे गाव. भातशेती, मासेमारी आणि रेतीबंदर यांवर जगणारी आगरी-कोळी वस्ती हे त्याचे जुने रूप. मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवला की जकात तूर्त टळते, या व्यापारी हिशेबाने भिवंडीच्या या पट्ट्यात गोदामांचे पीक आले. २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. घरपोच मालाच्या नव्या धंद्याने ती आणखी वाढली. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी घरांत येणारे पुडके या पट्ट्यातील कोणाच्या ना कोणाच्या हातून गेलेले असते. पलीकडे भिवंडीत यंत्रमागांची अखंड धडधड. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईतले कापडाचे काम याच मागांकडे वळवले गेले, हा इतिहास जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, मराठवाडा येथून आलेला कामगार येथे ठेकेदाराच्या नावाने ओळखला जातो. १९६९ चा माथाडी कायदा आहे. पण त्याच्या नोंदवहीत ज्यांचे नावच नाही असे हमाल आहेत. ना धड गाव, ना धड शहर अशा या वस्तीत राहणाऱ्या माणसाला कामाच्या जागेव्यतिरिक्त चारचौघांनी एकत्र बसावे असे ठिकाण कोणते? चहाची टपरी, आणि आपापल्या धर्माचे प्रार्थनास्थळ. तिसरे ठिकाण शोधावे लागते.

रोम, कलकत्ता, न्यूकॅसल

या माणसाला परदेशी चित्रपट कळणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते चित्रपट एकदा त्याच्या नजरेने पाहावेत. व्हित्तोरिओ दे सीकाचा ‘बायसिकल थीव्ज’ १९४८ चा. महायुद्धानंतरच्या रोममध्ये बेकार असलेल्या एका माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते. अट एकच : सायकल स्वतःची हवी. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि लहान मुलगा दिवसभर शहर पालथे घालत राहतात.

आता केन लोच यांचा २०१९ चा ‘सॉरी वुई मिस्ड यू’ पाहा. स्थळ इंग्लंडमधील न्यूकॅसल. नायक घरोघरी पुडकी पोचवणारा. त्याला कामावर ठेवताना सांगितले जाते की तू नोकर नाहीस, तू स्वतःचा मालक आहेस. अट जवळपास तीच : व्हॅन स्वतःची आणायची, नाहीतर कंपनीकडून भाड्याने घ्यायची. तो स्वतःची घेतो. तिच्या पहिल्या हप्त्यासाठी बायकोची मोटार विकली जाते, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी ती बाई त्यानंतर बसने फिरत राहते. हातातले यंत्र नायकाच्या प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते. लघवीला थांबायला वेळ नाही म्हणून गाडीत बाटली ठेवावी लागते. खाडा झाला तर दंड.

दोन चित्रपटांमध्ये एकाहत्तर वर्षांचे अंतर आहे. या काळात इटलीत आणि इंग्लंडमध्ये कामगारांनी बरेच मिळवले आणि त्यातले बरेच गमावले. तरी व्यवहार तोच राहिला : काम दुसऱ्याचे, हत्यार कामगाराचे, आणि ते हत्यार मिळवण्यासाठी पहिली वस्तू जाते ती बाईची. काल्हेरच्या रस्त्यावर कर्जाने घेतलेला टेंपो चालवणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागेल काय? त्या टेंपोसाठी कोणाच्या अंगावरचा दागिना सोनाराकडे गेला हे त्याच्या घरात सर्वांना ठाऊक असते. आपल्या घरापुरती वाटणारी ही नामुष्की रोममध्ये आणि न्यूकॅसलमध्येही तशीच घडते, आणि ती नशिबाने नव्हे तर धंद्याच्या रचनेने घडते, हे मात्र त्याला सहसा कोणी दाखवलेले नसते. पत्रकातून ते सांगता येते; पण पत्रक वाचणारा ‘हे बरोबर आहे’ म्हणतो, चित्रपट पाहणारा ‘हा तर मीच’ म्हणतो. फरक थोडा नाही.

या दोहोंमध्ये एक भारतीय दुवाही आहे. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि पुढे दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथे गेला. त्यात ‘बायसिकल थीव्ज’ होता. तो पाहून बिमल रॉय हलून गेले आणि १९५३ साली ‘दो बिघा जमीन’ आला. जमीनदाराला गिरणी उभारायची आहे, मध्ये शंभू महातोचे दोन बिघे आहेत, आणि कागदावरचे कर्ज पाहता पाहता फुगते. जमीन सोडवण्यासाठी शंभू कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. शेवटी जमीन जाते आणि तेथे गिरणी उभी राहू लागते. काल्हेरच्या भातखाचरांवर गोदामे कशी आली, हे आठवणारी माणसे गावात अजून आहेत. अर्थात येथली कहाणी हुबेहूब तशी नाही. येथल्या काही शेतकऱ्यांना जमिनीचे पैसे मिळाले, काहींना भाडे मिळते, काही स्वतःच गोदाममालक झाले. पण कोणाला किती मिळाले आणि कोणाच्या हातून सगळेच निसटले, हा हिशेब गावात मोकळेपणाने मांडला जात नाही. तो मांडायला शंभू महातो निमित्त झाला तर आगरी शेतकरी आणि परप्रांतीय हमाल एका सतरंजीवर बसून एकच गोष्ट पाहतील. एकाची जमीन आणि दुसऱ्याचे गाव, दोन्ही सुटलेली.

निपाणीची वखार बर्लिनला, पण भिवंडीला नाही

ही देवघेव एकतर्फी नाही. जगाचा सिनेमा मराठी कामगार स्त्रियांच्या ऋणात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९८० साली दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा चित्रगट उभा केला. त्यांचा पहिला चित्रपट ‘मोलकरीण’, १९८१ चा; पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवरचा. दुसरा ‘तंबाखू चाकिला ऊब आली’, १९८२ चा; सीमाभागातील निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या स्त्रियांवरचा. चित्रगटाने त्या स्त्रियांसोबत मुक्काम केला, काय दाखवायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवले, आणि तयार झालेली फीत पुन्हा कामगार स्त्रियांच्या बैठकांत नेली. दोन्ही चित्रपट अर्ध्या तासाहूनही लहान आहेत. पुढे कित्येक वर्षांनी बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेच्या सहकार्याने त्यांचे डिजिटल पुनरुज्जीवन झाले आणि परदेशी प्रेक्षकांनी ते नव्याने पाहिले.

बर्लिनच्या संस्थेने हे केले याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत. प्रश्न असा की निपाणीच्या वखारीत धुळीने घसा कोंडलेल्या बायांची ही गोष्ट भिवंडीच्या गोदामांत वेष्टनाचे काम करणाऱ्या बायांना केव्हा दिसणार? तसेच ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’चे. महाराष्ट्रातील जत्रांमधून तंबू घेऊन फिरणाऱ्या चित्रपटवाल्यांवरचा हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. मराठी मुलुखातील तंबू फ्रान्समध्ये पोचला. तो तंबू ज्या गावांत लागत असे तेथे आता काय दाखवले जाते, याची चौकशी कोणी केली नाही. कामगाराचे चित्रण विकत घेण्यास जग तयार आहे. त्या कामगाराला प्रेक्षक मानण्याची तयारी मात्र कमी.

पडदा कोणाच्या ताब्यात?

याचा दोष केवळ प्रस्थापितांवर ढकलून चालणार नाही. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. या चळवळीने महाराष्ट्राला चांगला चित्रपट पाहायला शिकवले, मराठीत चित्रपटविषयक गंभीर लेखन घडवले. पण सभासदत्व, वर्गणी आणि इंग्रजी उपशीर्षके या तीन उंबरठ्यांमुळे ती बहुतांशी शहरी मध्यमवर्गात राहिली. डाव्या पक्षांनीही तिला फारसे विचारले नाही. ज्या परंपरेत अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी झाली, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गावोगाव फिरले, त्या परंपरेने चित्रपटाला मात्र ‘भांडवली करमणूक’ म्हणून बाजारावर सोडून दिले. शाहिरी जितकी आपली मानली तितका प्रोजेक्टर आपला मानला नाही.

जेथे मानला, तेथे काय होऊ शकते याचा दाखला मुंबईतच आहे. मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा निर्णय २००३ साली झाला. चित्रपटकर्त्यांनी एकजुटीने विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. परंतु निवड जाहीर झाली तेव्हा गुजरातच्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांच्या ‘फायनल सोल्यूशन’सह व्यवस्थेला अडचणीचे अनेक चित्रपट वगळलेले आढळले. तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये या मंडळींनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ भरवला. सरकारी महोत्सव हाकेच्या अंतरावर चालू असताना एका कामगार पक्षाच्या सभागृहात सहा दिवस चित्रपट चालले. प्रवेश खुला होता. गालिचा नव्हता. २००६ पासून गोरखपूरमध्ये ‘प्रतिरोध का सिनेमा’ने प्रायोजकांवाचून, लोकवर्गणीवर असेच महोत्सव सुरू केले. त्याही आधी केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा गटाने खेड्यापाड्यांत चित्रपट दाखवून, लोकांकडून पैसे गोळा करून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ उभा केला होता. म्हणजे पैसा नाही, ही सबब पुरेशी नाही.

अडथळा येतो तो दुसऱ्या बाजूने. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना सूट द्यायची की नाही हे केंद्र सरकार ठरवते. डिसेंबर २०२५ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात १९ चित्रपटांना आरंभी ही सूट नाकारली गेली. त्या यादीत आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ होता! शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटातील खलाशांची सत्तेला आजही धास्ती वाटत असेल, तर चित्रपटाच्या सामर्थ्याविषयी पक्षकार्यकर्त्यांपेक्षा सत्ताधाऱ्यांची समज अधिक पक्की आहे, असेच म्हणावे लागेल. छोट्या वस्तीतल्या आयोजकांनी म्हणूनच प्रदर्शनाचे हक्क आणि परवानग्या यांची कागदपत्रे आधी नीट करावीत. कायद्यातील त्रुटीवर लढायचे ते उघडपणे. निष्काळजीपणामुळे खेळ बंद पडू देणे ही लढाई नव्हे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप : बारा तास राबलेल्या माणसाला दुःखच दाखवायचे काय? त्याला हसू हवे. हवेच. म्हणून दिवसाची सुरुवात चॅप्लिनच्या १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’ने करावी. जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून कामगाराला यंत्राने भरवण्याचा जो प्रयोग त्यात होतो, त्याला गोदामातील पट्ट्यासमोर उभा राहणारा माणूस जेवढ्या मोकळेपणाने हसेल तेवढा अन्य कोणी हसणार नाही. या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच; भाषेचा प्रश्न आपोआप सुटतो.

दुसरा आक्षेप : प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग पडदा कशाला? मोबाइलवर माणूस एकटा पाहतो, आणि पुढे काय पाहायचे ते कंपनीचे यंत्र सुचवते. शेजारचा कोणत्या प्रसंगी गप्प झाला, कोणत्या वाक्याला बायांच्या बाजूने हसू आले, हे एकत्र पाहतानाच कळते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत याचे मोल विशेष आहे. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. वेगवेगळ्या धर्मांची माणसे नियमाने समोरासमोर बसत होती, हे त्यामागचे साधे कारण. अंधारात शेजारी बसून एकाच मुलासाठी जीव तुटणे, हेही समोरासमोर बसणेच आहे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे : आधी वेतन, आधी कामाचे तास, मग सिनेमा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती मागणी केवळ हातपायांना विश्रांती मिळावी एवढ्यासाठी नव्हती. कामगाराला स्वतःचा म्हणता येईल असा एक दिवस हवा, यासाठीही होती. तो दिवस कशाने भरतो हा प्रश्न कामगार चळवळीच्या बाहेरचा मानला, तर तो भरणारे दुसरे पुष्कळ आहेत. द्वेषाची पुडकीही घरपोच मिळतात, आणि ती फुकट असतात.

एक दिवस, काही पथ्ये

काल्हेरला असा दिवस करायचा तर पथ्ये थोडी पण कडक हवीत. दिवस व वेळ कामगारांना विचारून ठरवावी. यंत्रमागाची सुट्टी आणि गोदामाची सुट्टी एकाच वारी येईल असे नाही. चित्रपट पाचापेक्षा अधिक नकोत. चीनमधील शिवणकाम कामगारांवरचा वांग बिंग यांचा ‘यूथ’ कितीही मोलाचा असला तरी साडेतीन तासांचा आहे. तो पुढे केव्हातरी. बायांसाठी दुपारचा खेळ, पोरांना सांभाळण्याची सोय आणि उजेड असतानाच घरी परतता येईल अशी वेळ ठेवावी; नाहीतर निपाणीच्या बायांवरील चित्रपट पुरुषच पाहून जातील.

भाषेचा प्रश्न सर्वांत मोठा. इंग्रजी उपशीर्षके येथे निरुपयोगी आहेत. मूकपटांच्या काळी तंबूत पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा निवेदक असे. तीच पद्धत पुन्हा आणावी : मराठी आणि हिंदुस्थानी बोलणारे दोन निवेदक, आवश्यक तेवढेच बोलणारे. त्यासाठी चित्रपट आधी चारदा पाहून तयारी करावी लागेल. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते भाषाभाषांमधील माणसे एकमेकांना कळावीत म्हणून. इटालियन बापाचे दुःख भोजपुरी बोलणाऱ्या हमालाला आगरी तरुणाने समजावून देणे, ही त्या स्वप्नाची पुढची पायरी ठरेल.

पैसा घरटी वर्गणीतून उभा करावा. गोदाममालकांकडून देणगी घेऊ नये. ज्याच्या पैशाने पडदा लागतो त्याच्याविषयी पडद्यासमोर बोलायला माणसे कचरतात.

शेवटचे पथ्य पाळणे पक्षाला सर्वांत जड जाईल. चित्रपट हे सभेचे आमिष करू नये. खेळ संपला की पुढाऱ्याने ध्वनिक्षेपक हाती घेऊन ‘या चित्रपटातून आपण काय शिकलो’ हे सांगू नये. दिवे लागल्यावर थोडा वेळ शांतता राहील. ती राहू द्यावी. मग एखादा विचारील, त्या माणसाने शेवटी दुसऱ्याची सायकल चोरली ते बरोबर की चूक? या प्रश्नावर जो वाद होईल तो व्यासपीठावरून मिटवू नये. तेथे कार्यकर्त्याने मागे बसून ऐकावे. कोणाचा टेंपो जप्त झाला, कोणाला अपघातानंतर ठेकेदाराने ओळखसुद्धा दाखवली नाही, कोणत्या गोदामात बायांसाठी संडास नाही, हे त्या बोलण्यातून बाहेर पडेल. संघटनेचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी तेथून सुरू होते.

ठाणे आणि भिवंडीच्या शाखांनी हे काम या वर्षीच अंगावर घ्यावे. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी म्हणजे एक प्रोजेक्टर, एक पांढरी चादर, दोन चांगले निवेदक आणि आठ-दहा माणसांची महिनाभराची पायपीट. पहिल्या खेळाला चाळीस माणसे आली तरी ते अपयश मानू नये. त्या चाळिसांना आपल्या मनातले बोलायला दिवसभर जागा मिळाली की नाही, एवढेच पाहावे.